कमाई वाढली, पण घरातला पैसा वाढला का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेने १९९६ साली बसून खाणाऱ्यांची मदत बंद केली, एकट्या आया कामाला लागल्या, गरिबी कमी झाली. मग महाराष्ट्रात लाडकी बहीणसारखी योजना गुंडाळून तोच कित्ता का गिरवू नये?

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, मदत कार्यालयात बरीच वर्षं काम करते. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं, महिन्याची मदत ठरवायची, घरात कोणाला नोकरी लागली की त्या मदतीला कात्री लावायची, हे माझं काम. आमच्या फॉर्मवर कमाई आणि उत्पन्न असे दोन वेगळे रकाने असतात. कमाई म्हणजे पगार. उत्पन्न म्हणजे त्या पगारात सरकारी रोख मदत, फूड स्टॅम्प (फक्त धान्य-किराण्यासाठीची सरकारी मदत), कराचा परतावा हे सगळं मिळवून आणि कर वजा करून घरात जे येतं ते. वेल्फेअर, म्हणजे गरिबांना मिळणारी सरकारी मदत, तिच्या सुधारणेवरून जे वाद होतात, त्यातले निम्मे हे दोन रकाने एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. एक बाजू कमाईचा आकडा पुढे करते, दुसरी उत्पन्नाचा, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तुमच्या प्रश्नातला कमाईचा भाग खरा आहे. उत्पन्नाचा अर्धामुर्धा खरा आहे. आणि गरिबी कमी झाल्याचं श्रेय तुम्ही ज्या कायद्याला देताय, त्याच्या वाट्याला ते तितकंसं येत नाही.

आधी जुनी पद्धत बघू, कारण ती खरोखरच वाईट होती आणि तिची बाजू घेण्यात अर्थ नाही. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून आलेली ही योजना ए.एफ.डी.सी. नावाने ओळखली जायची. बाप घरात नाही, मुलं लहान आहेत, अशा घरांना दरमहा चेक. रक्कम ज्या त्या राज्याने ठरवायची. मिनेसोटात आई आणि दोन मुलांना ५३२ डॉलर मिळत, आणि १९८६ साली ठरलेली ही रक्कम थेट २०२० सालापर्यंत तशीच राहिली. मग त्यात शंभर डॉलरची भर पडली. मधल्या चौतीस वर्षांत घरभाडी कुठल्या कुठे गेली हे सांगायला नको.

खरी गोम होती कामाच्या हिशोबात. अध्यक्ष रेगन यांच्या काळात, १९८१ साली, काम करणाऱ्या आयांना मिळणारी मोठी सूट, म्हणजे मदत ठरवताना कमाईचा जो भाग धरत नसत तो, पहिल्या चार महिन्यांपुरती केली गेली. वर्षभर काम झालं की उरायची ती कामाच्या खर्चापोटी नव्वद डॉलरची सूट, आणि पाळणाघराचा खर्च वेगळा. त्यापुढचा प्रत्येक डॉलर चेकमधून वजा.

म्हणजे काय ते आकड्यांत बघा. १९९५ साल धरा. किमान वेतन ताशी सव्वाचार डॉलर. बाईने आठवड्याला वीस तास काम केलं तर महिन्याला साधारण ३६८ डॉलर. त्यातले ९० सोडून उरलेले २७८ तिच्या ५३२ मधून गेले, चेक उरला २५४चा. पगार अधिक चेक मिळून ६२२. घरी बसून मिळत होते ५३२. महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी तास काम, वर बसचं तिकीट, वर पोरांची ओढाताण, आणि वाढले ९० डॉलर. त्यातूनही पगारावरचा सामाजिक सुरक्षा कर अठ्ठावीस डॉलर घेऊन जायचा. अशा बाईला आळशी म्हणणाऱ्याने आधी हा कागद वाचावा. तिला हिशोब येत होता, एवढाच त्याचा अर्थ.

ही गोष्ट सरकारलाही कळत होती. त्यामुळे १९९०च्या दशकात केंद्राने राज्यांना वेगळे नियम करून बघायची मोकळीक दिली. मात्र बऱ्याच ठिकाणी अट अशी होती की काही कुटुंबांना नवे नियम लावायचे, काहींना जुनेच ठेवायचे, आणि कोण कुठे हे सोडत काढून ठरवायचं. औषधाची चाचणी घेतात त्याच रीतीने. म्हणून या विषयात आपल्याकडे नुसती मतं नाहीत, मोजमाप आहे. या चाचण्यांतल्या बऱ्याच एमडीआरसी या न्यूयॉर्कच्या ना-नफा संशोधन संस्थेने केल्या.

त्यातली सगळ्यांत मोठी चाचणी सात ठिकाणच्या अकरा योजनांची होती, चाळीस हजारांहून जास्त माणसं त्यात होती, आणि पाच वर्षं त्यांचा माग ठेवला गेला. या योजनांचा गाभा असा: मदत हवी तर कामाच्या शोधाला लागा किंवा प्रशिक्षण घ्या, नाहीतर चेक कापला जाईल. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचं धोरण होतं की मिळेल ती नोकरी धरा, पुढचं पुढे. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडचे लोक म्हणायचे, जरा थांबा, पगार बरा असेल आणि टिकेल अशी बघा, आणि गरज असेल तिला थोडं शिकवायचेही. कमाई जवळपास सगळीकडे वाढली, पोर्टलंडमध्ये सगळ्यांत ठळक. म्हणजे काम करायला भाग पाडलं की लोक काम करतात, हे खरंच.

पण उत्पन्नाच्या रकान्यात पाच वर्षांनी काहीच विशेष हललेलं नव्हतं. जेवढा पगार वाढला, जवळपास तेवढाच चेक आणि फूड स्टॅम्प कमी झाले. सरकारचे पैसे वाचले, बाईचे तास वाढले, घर होतं तिथेच राहिलं.

या चाचण्यांतला आणखी एक निकाल फार कमी लोक सांगतात. सोडतीत ज्यांच्या वाट्याला जुनेच नियम आले, ज्यांना कोणी ढकललं नाही, त्यांच्यातल्याही बहुतेक बायका त्या पाच वर्षांत कधी ना कधी कामाला लागल्याच होत्या. वेल्फेअर म्हणजे जन्माचं बिऱ्हाड हे चित्र मुळातच थोड्यांना लागू होतं. नवरा सोडून गेला, मूल झालं, नोकरी गेली, की लोक यायचे आणि सावरले की जायचे. म्हणून ‘लाभार्थी इतक्या टक्क्यांनी घटले’ हा आकडा कोणी तोंडावर फेकला तर विचारायचं, नाहीतरी किती घटले असते?

आता आमच्या मिनेसोटाची गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. १९९४ साली राज्याने सात काउंट्यांत, तीन शहरी आणि चार ग्रामीण, एक वेगळी योजना सुरू केली. एम.एफ.आय.पी. म्हणतात तिला. चौदा हजारांहून जास्त कुटुंबं चाचणीत होती. इथे कामाची सक्ती होती, पण ती बराच काळ मदतीवर असलेल्यांनाच, आणि तीस तास काम करणाऱ्याला कोणी आणखी त्रास द्यायचा नाही. मुख्य बदल हिशोबातच होता. बाई कामाला लागली की मदतीचं मूळ माप वीस टक्क्यांनी वाढवायचं, आणि तिच्या कमाईतला ३८ टक्के भाग मोजायचाच नाही. पाळणाघराचे पैसे तिच्या हातून न फिरवता सरळ पाळणाघराला. फूड स्टॅम्प आणि रोख रक्कम एकाच हिशोबात. दारिद्र्यरेषेच्या साधारण १४० टक्क्यांपर्यंत कमाई पोचली की मगच मदत पूर्ण थांबायची.

वरच्याच बाईला या नियमांत बसवून बघा. फूड स्टॅम्प धरून घरी बसल्या तिला सुमारे ७७० डॉलर. वीस तासांच्या कामाचे ३६८ मिळाले तर पगार आणि मदत मिळून एक हजार साठच्या आसपास. म्हणजे काम केल्यावर हातात तीनशेच्या जवळपास जास्त. तेच काम, तेच तास, आधी जेमतेम ऐंशी-नव्वद वाढत होते.

निकाल काय लागला? दीर्घकाळ मदतीवर असलेल्या शहरी एकट्या आयांत कमाईही वाढली आणि उत्पन्नही वाढलं. दोन्ही रकाने एकदम वर. शिवाय योजना बनवणाऱ्यांनी फारशी न धरलेली एक गोष्ट घडली: या बायकांना घरात होणारी मारहाण कमी झाल्याचं पाहणीत दिसलं. हातात स्वतःचा पैसा असलेली बाई मारणाऱ्याकडे परत जात नाही, किंवा जावं लागत नाही, एवढं तर कोणत्याही महिला मंडळात बसलेल्या बाईला माहीत असतं. इथे ते मोजून दिसलं. शाळकरी वयाच्या मुलांची वागणूक सुधारली, शाळेतलं लक्ष वाढलं. जिथे फक्त कमाई वाढली आणि उत्पन्न तिथल्या तिथे राहिलं, तिथे मुलांमध्ये असा फरक दिसला नाही. एमडीआरसीने अनेक योजनांचे मुलांवरचे निकाल शेजारी ठेवून बघितले तेव्हाही हेच पुढे आलं. आई कामाला जाते याने मुलांचं आपोआप भलं होत नाही, घरात पैसा वाढला तर होतं.

सक्ती काढून नुसतं प्रोत्साहन ठेवलं तर काय होतं, हेही याच चाचणीत तपासलं होतं. कामाला लागणाऱ्यांचं प्रमाण तेव्हाही वाढलं, पण बऱ्याच बायका अर्ध्या वेळेच्या कामावर थांबल्या. मदतीला सक्तीची जोड मिळाली तिथे पूर्णवेळ काम आणि कमाई जास्त वाढली. त्यामुळे सक्ती निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. एकटी सक्ती कमाई वाढवते आणि एकटी सूट उत्पन्न वाढवते, असं ढोबळमानाने धरा.

मग एवढी चांगली योजना टिकली का? नाव टिकलं. १९९८ साली ती राज्यभर नेली तेव्हा मर्यादा १४० टक्क्यांवरून १२० टक्क्यांवर आणली, वर पाच वर्षांची मुदत घातली. खर्च! चाचणीतल्या मूळ योजनेत प्रत्येक कुटुंबामागे सरकारचा खर्च वाढला होता, आणि तो वाढणारच होता. गरिबाचं उत्पन्नही वाढेल, कामही वाढेल आणि तिजोरीचा पैसाही वाचेल, असं तिन्ही एका वेळी साधणारी योजना मी अजून पाहिलेली नाही. दोन साधतात. कुठली दोन ते आधी सांगा, मग बोलू.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया आणि न्यू ब्रन्सविक या प्रांतांत याच सुमारास आणखी धीट प्रयोग झाला. वर्षभर तरी मदतीवर असलेल्या एकट्या आईने वर्षाच्या आत तीस तासांची नोकरी धरली, तर तिची कमाई आणि एक ठरलेली मोठी रक्कम यांतल्या फरकाचा निम्मा भाग सरकार तीन वर्षं पगारासोबत देणार. पूर्णवेळ काम करणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. पण तीन वर्षं संपून पूरक रक्कम बंद झाली तसा फरक विरत गेला. एकदा नोकरी लागली की पगार चढत जाईल, ही आशा तळच्या नोकऱ्यांत फारशी खरी ठरत नाही. किराणा दुकानात माल लावणाऱ्याला पाच वर्षांच्या अनुभवाचे किती मिळतात ते बघा.

कनेक्टिकटने तर कमाल केली. एकवीस महिने मुदत, पण त्या काळात दारिद्र्यरेषेपर्यंतची सगळी कमाई माफ, चेक पूर्ण चालू. रेषेच्या एक डॉलर वर गेलात की सगळा चेक बंद. पहिल्या काळात उत्पन्न छान वाढलं, मुदत संपू लागली तसं ते ओसरलं. बिटलर, गेलबाक आणि हॉइन्स या अर्थतज्ज्ञांनी नंतर दाखवून दिलं की इथली सरासरी फसवी आहे: कोणाचं बरंच वाढलं, कोणाचं काहीच नाही, आणि मुदतीनंतर काहींच्या हातचं होतं तेही गेलं.

आता तुमचा १९९६चा कायदा. अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९२च्या प्रचारात वेल्फेअरचं आहे ते रूप संपवण्याचं वचन दिलं होतं. त्यांनी संसदेचे आधीचे दोन मसुदे परत पाठवले आणि २२ ऑगस्ट १९९६ रोजी तिसऱ्यावर सही केली. निषेध म्हणून त्यांच्याच प्रशासनातले पीटर एडेलमन आणि मेरी जो बेन राजीनामा देऊन बाहेर पडले. जुन्या योजनेत पात्र माणसाला मदत देणं बंधनकारक होतं. ते बंधन गेलं. केंद्राच्या पैशातून आयुष्यात एकूण साठ महिने, त्यापुढे नाही. लाभार्थ्यांपैकी निम्मे तरी आठवड्याला तीस तास, अगदी लहान मूल असेल तर वीस तास, कामात किंवा कामासारख्या कशात तरी दिसले पाहिजेत. आणि राज्यांना दरसाल साडेसोळा अब्ज डॉलरची ठोक रक्कम, महागाई वाढो न वाढो.

यानंतरची चार-पाच वर्षं झगझगीत होती, हे मान्य. १९९४ साली सुमारे पन्नास लाख कुटुंबं रोख मदतीवर होती. २००० पर्यंत ती निम्म्याहून कमी उरली. एकट्या आयांचं कामावर असण्याचं प्रमाण कधी नव्हे इतकं चढलं. मुलांमधली अधिकृत गरिबी १९९३ साली २२.७ टक्के होती, ती २००० साली १६.२ टक्क्यांवर आली. हेच आकडे तुमच्या वाचनात आले असणार.

पण त्याच काळात आणखी तीन गोष्टी घडत होत्या. एक तर तेजी होती, बेकारी चार टक्क्यांवर आली होती, मालक दाराशी येऊन माणसं मागत होते. दुसरं, किमान वेतन सव्वाचारवरून १९९७ पर्यंत सव्वापाचला दहा सेंट कमी एवढं झालं. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं: १९९३ साली कराच्या परताव्याची जी सवलत वाढवली गेली ती. ई.आय.टी.सी. असं तिचं नाव. ही १९७५ पासून आहे, पण तेव्हा चिमूटभर होती. दोन मुलं असलेल्या आईने कमावलेल्या प्रत्येक डॉलरवर, एका मर्यादेपर्यंत, सरकार वरून चाळीस सेंट देतं. कर देणं लागत नसेल तरी देतं. २०२४ सालासाठी दोन मुलांच्या घराला जास्तीत जास्त ६,९६० डॉलर. जुन्या पद्धतीच्या अगदी उलट: तिथे कमावलं की कापायचे, इथे कमावलं की वाढवतात.

ब्रूस मेयर आणि डॅन रोझेनबॉम यांनी हिशोब मांडला तेव्हा एकट्या आयांच्या वाढलेल्या कामात सगळ्यांत मोठा वाटा या सवलतीचाच निघाला. अलीकडे हेन्रिक क्लेव्हन यांनी त्याला आव्हान दिलंय, ते म्हणतात की कामाला ओढण्याचं श्रेय या सवलतीला फुगवून दिलं गेलं. वाद चालू आहे. पण सवलतीने घरातलं उत्पन्न वाढवलं यावर वाद नाही, पैसे सरळ खात्यात येतात. म्हणजे ‘मदत बंद केली म्हणून गरिबी घटली’ असं जे सांगितलं जातं, त्यातल्या मोठ्या भागात प्रत्यक्षात एका खिडकीतून मदत काढून दुसऱ्या खिडकीतून जास्त मदत दिली गेली होती. फक्त दुसरी खिडकी काम करणाऱ्यालाच उघडी होती.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हा परतावा येतो तेव्हा आमच्या भागात जुन्या मोटारींची विक्री जोरात असते. थकलेलं भाडं फिटतं, पोरांना बर्फातले बूट येतात. उणे वीस अंशात पहाटे पाचची शिफ्ट आणि बस सहाची, अशा ठिकाणी मोटार ही चैन नसते. पण वर्षातून एकदाच येणारा पैसा ऑक्टोबरमधल्या वीजबिलाला उपयोगी पडत नाही. दोन्ही खरं.

ज्यांना नोकरी नाही, टिकत नाही, अंगात दुखणं आहे, घरात अपंग मूल आहे, त्यांना दुसरी खिडकी बंदच होती. पहिलीही बंद झाली. १९९६ साली दर शंभर गरीब कुटुंबांपैकी ६८ जणांपर्यंत रोख मदत पोचत होती. अलीकडे हा आकडा २१च्या आसपास आहे. कमी उत्पन्नाच्या एकट्या आयांमध्ये ना नोकरी ना मदत अशा साधारण पाचात एक निघतात, असं अभ्यासकांना वारंवार आढळलंय. २००८च्या मंदीत फूड स्टॅम्प घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत गेली, कारण त्या योजनेत पात्र असेल त्याला द्यावंच लागतं. रोख मदत मात्र फारशी हललीच नाही. ठोक रकमेतली जेमतेम पाव रक्कम आता थेट रोख मदतीवर जाते. बाकीची राज्यांनी आपापल्या खर्चात जिरवली. मिसिसिपीत तर गरिबांच्या या पैशातून विद्यापीठासाठी व्हॉलीबॉलचं संकुल बांधलं गेलं, ते प्रकरण २०२० साली बाहेर आलं.

आता माझ्या टेबलावर येते, कारण जुना रोग गेलेला नाही, फक्त जागा बदललीय. वृद्धांची देखभाल होते त्या नर्सिंग होममध्ये मदतनीस असलेली बाई, दोन मुलं. तासाला एक डॉलर पगारवाढ मिळतेय, घेऊ का, असं विचारायला फोन करते. पगारवाढ घेऊ का! पूर्णवेळ असेल तर महिन्याला १७३ डॉलर. त्यातून सामाजिक सुरक्षा कराचे १३ जातात. कराची ती सवलत कमाई एका मर्यादेपुढे गेली की घटू लागते, आणि या टप्प्यावर डॉलरमागे २१ सेंट उतरत असते, म्हणजे ३६ गेले. फूड स्टॅम्पमध्ये साधारण ४२ कमी होतात. घरभाड्याचं व्हाउचर, म्हणजे भाड्यासाठीची सरकारी मदत, असेल, जे सगळ्यांना नसतंच, तर भाडं उत्पन्नाच्या तीस टक्के, म्हणजे ५२ वाढलं. उरले तीस. राज्याचा कर आणि पाळणाघराचा वाढीव हप्ता अजून धरलेला नाही. प्रत्येक खात्याचा नियम आपापल्या जागी सरळ आहे. चार सरळ नियम एकाच घरावर येऊन बसतात तेव्हा असं होतं. मी तिला सांगते, घे, कारण पुढची नोकरी या पगारावर ठरेल. पण तिने नाही म्हटलं तर मला नवल वाटत नाही.

‘पैसे दिले की लोक काम सोडतात’ या भीतीबद्दल दोनच गोष्टी. २०२१ साली अमेरिकेने मुलांमागे मिळणारी करसवलत वर्षापुरती वाढवली, सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि मोठ्याला ३,००० डॉलर, त्यातले निम्मे जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यात, आणि कामाची अट नाही. सगळ्या सवलती धरून मोजलेली मुलांची गरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. सवलत गेली, २०२२ साली ती १२.४ टक्के झाली. त्या सहा महिन्यांत आयांनी काम सोडल्याचं बहुतेक अभ्यासांना दिसलं नाही. ती कायमची असती तर दिसलं असतं का, यावर तज्ज्ञ भांडतात आणि ते भांडण रास्त आहे. दुसरी गोष्ट, अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, इंडोनेशिया, मोरोक्को यांसारख्या सहा देशांतल्या सात रोख योजनांच्या सोडत पद्धतीच्या चाचण्या एकत्र तपासल्या. लोकांनी काम कमी केल्याचा पुरावा मिळाला नाही.

तेव्हा लाडकी बहीण. जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. तुम्ही हिला जुन्या अमेरिकन वेल्फेअरच्या रांगेत बसवताय, पण रचना तशी नाही. जुन्या वेल्फेअरने नुकसान केलं ते मजुरी वाढली की तेवढंच कापल्यामुळे. लाडकी बहीण तसं कापत नाही. खुरपणीला चार दिवस जास्त गेलेल्या बाईचे १,५०० तसेच राहतात. कापायचं म्हटलं तरी कापता येणार नाही, कारण इथे माझ्यासमोर दर पंधरवड्याची पगाराची स्लिप असते. शेतमजुरीची, धुण्याभांड्यांची स्लिप कोण देतं? आणि ही रक्कम बघा: रोजगार हमीच्या २०२५-२६च्या ३१२ रुपये दराने पाच दिवसांचीसुद्धा मजुरी होत नाही. तेवढ्यावर कोणी महिनाभर घरी बसत असेल तर तिला मजुरी किती मिळत होती, हे आधी विचारावं लागेल. कापणीला माणसं मिळत नाहीत ही तक्रार मी गावाकडे गेले की ऐकते. ही योजना येण्याच्या कितीतरी आधीपासून ऐकतेय.

कडा आहे ती अडीच लाखांची. दोन लाख एकोणपन्नास हजारांवर वर्षाचे अठरा हजार मिळतात, दोन लाख एक्कावन्न हजारांवर शून्य. कनेक्टिकटची तीच चूक. मात्र पिवळं-केशरी रेशन कार्ड असलेल्यांना उत्पन्नाचा दाखला माफ असल्यामुळे ही कडा बाईच्या मजुरीपेक्षा कागदावर जास्त चालते. २०२५ साली ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा मला इथलीच आठवण आली. आमच्याकडे मदत बंद होणाऱ्यांत असे पुष्कळ असतात की ज्यांची गरज संपलेली नसते, कागद वेळेत आलेला नसतो.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. एवढा पैसा दरसाल द्यायचा तर तो याहून चांगल्या कुठल्या कामाला लागला असता, हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो ‘बायका आळशी होतील’ याच्याशी न जोडता विचारता येतो.

आणि काम करायला लावायचंच असेल तर अमेरिकेकडे कशाला बघायचं? अमेरिकेने गरीब बाईला काम करायची अट घातली, पण काम देण्याची हमी कधी दिली नाही. मिलवॉकी शहरातल्या न्यू होप प्रयोगासारखे (तिथे नोकरी न मिळणाऱ्याला तात्पुरतं काम दिलं जायचं) थोडेफार अपवाद सोडले, तर नोकरी शोधणं ही तिची जबाबदारी. महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेत उलटं केलं होतं. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२च्या दुष्काळात पसरलेली कामं, १९७७चा कायदा, १९७९ पासून अंमल: मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारभत्ता, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारावर व्यवसाय कर. २००५चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच वाटेने गेला. तिथे अट आणि हमी एकाच कागदावर होत्या. मजुरी वेळेवर मिळणं, काम गावाच्या जवळ असणं, तान्ह्या मुलांसाठी कामावर सावली आणि सांभाळणारी बाई असणं, या गोष्टी कायद्यात लिहिलेल्या आहेत आणि प्रत्यक्षात जिथे तिथे लंगडतात. सुधारणा करायची हौस असेल तर तिथे हात घालावा. मजुरी पंधरा दिवसांत खात्यात पडली, तर त्याच बाईची कमाई आणि उत्पन्न दोन्ही वाढतील, आणि तिचे १,५०० बंद करायची गरज पडणार नाही.